तळ आधी मेला

१

नळा उघडला. आत प्रेत नव्हतं, तरी भोवती जमलेल्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे होते.

पोलादाचा तो उभा नळा, एकाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला तर होईल तेवढा उंच. त्याच्या पोटात वाटाण्याएवढ्या करड्या गोळ्या खच्चून भरलेल्या आणि त्या गोळ्यांवर निकेलचा लेप. शहराच्या सांडपाण्याच्या टाक्यांतून येणारा कार्बन डायऑक्साइड आणि शेजारच्या खोलीतून येणारा हायड्रोजन या गोळ्यांवरून गेले की त्यांचं लग्न लागायचं आणि पलीकडून चुलीत जळणारा वायू बाहेर पडायचा. गोळ्या मात्र होत्या तशाच राहायच्या, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारख्या. पुस्तकात त्यांना उत्प्रेरक म्हणतात. इथं सगळे म्हणत, गोळी.

आदल्या दिवशी नियामक मंडळाचे पाहुणे आले होते. साहेबांनी, म्हणजे प्रकल्पाच्या संचालकांनी, छोटंसं भाषण करून शेगडी पेटवली. निळी ज्योत उठली, फिकी पडली, दोनदा उचकी दिल्यासारखी हलली आणि विझली. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच खाली आले.

गोळी मेली होती. निकेलचा मोठा वैरी गंधक, आणि सांडपाण्याच्या वायूत त्याला तोटा नसतो. तो गाळून घ्यायचं काम नाकदादांचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकातच उरलं होतं. कुजक्या अंड्याचा वास यंत्राच्या आधी त्यांना येतो म्हणून ते नाकदादा.

आज सकाळी त्यांच्या गाळणीचं पिंप उघडलं, तर आतले विटकरी खडे काळेकुट्ट निघाले. खडे गंधक खाऊन काळे पडतात. काळे खडे म्हणजे पोट भरलेली गाळणी, आणि भरल्या पोटी कोण खातो? वायू न गाळताच पुढे गेला, गोळी मेली.

“म्हणजे झालं,” साहेब म्हणाले. “निष्काळजीपणा. दुपारी मंडळाची बैठक आहे. नोकरी तर जाईलच, पण मी पोलिसांतही देणार आहे. सर, आपण तेवढी सही केलीत की झालं.”

‘सर’ म्हणजे मंडळानं तपासाला धाडलेला म्हातारा. रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थी त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि पुन्हा येऊन कुलूप ओढून बघायचं, असा माणूस. बायको म्हणायची, “तुम्हाला आरशात दुसराच कुणी दिसला तरी आश्चर्य वाटणार नाही.”

त्यानं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“माझंच चुकत असेल,” तो पुटपुटला, “पण गोळ्या थराथरानं काढून तपासल्या तर? वरचा वेगळा, मधला वेगळा, तळाचा वेगळा.”

“कशाला? मेलेलं ते मेलेलं.”

“तसंच असेल. तरी पण.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण गोळी बनवणारी तरुण संशोधक तोवर डबे घेऊन आलीसुद्धा होती. सहा महिने या गोळीपायी तिनं धड झोप घेतली नव्हती. दाढीचं दुकान बंद होण्याआधी न्हावी जेवढ्या घाईत वस्तरा चालवील तेवढ्या घाईत तिनं तपासणी उरकली, आणि परत आली ती पांढरीफटक होऊन.

“सर,” ती शंकासुराच्या कानाशी म्हणाली, “वरचा थर ठणठणीत आहे. गंधकाचा मागमूस नाही. मेलाय तो तळ.”

२

सांडपाण्याचा वायू नळ्यात वरून शिरतो. गंधक ज्या निकेलला पहिल्यांदा भेटतो त्यालाच मिठी मारतो. गाळणी फुकट गेली असती तर आधी वरचा थर मेला असता. दारातून आलेला चोर माजघर लुटतो आणि ओसरीवरच्या पेटीला हात लावत नाही, असं कसं होईल?

शंकासुर नाकदादांना घेऊन गाळणीच्या पिंपाशी बसला.

“हे काळे खडे तुमचेच?”

“खडे इथलेच. पण माझे नव्हेत.” नाकदादांनी मूठभर खडे उचलून हुंगले. “हे जुने, सर. मागच्या अंगणात टाकून दिलेल्या ढिगातले. पावसाचा वास आहे यांना. शेगडी पेटवायच्या दिवशी सकाळी मी स्वतः ताजे भरले होते. विटकरी.”

“मग कुणी बदलले?”

“मी काय सांगू? आरोपीनं सांगितलेलं खरं असलं तरी खोटंच वाटतं.”

शंकासुराला ते पटलं. नाक पुराव्यात धरत नाहीत, पण वरचा थर जिवंत होता ना? म्हणजे शेगडी विझेपर्यंत गाळणी धड होती. काळे खडे मागाहून आले. कुणीतरी गोळी मारली होती आणि मग या म्हाताऱ्याच्या पिंपात मुद्देमाल आणून ठेवला होता.

“नाकदादा, तुमच्यावर डूख धरणारं इथं कोण आहे?”

नाकदादा काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. आत आली ती वायू-तपासणीच्या खोलीतली बाई. वय पस्तिशीच्या पुढं-मागं, केस घट्ट बांधलेले. लहानथोर सगळे तिला ताई म्हणत.

“सर, माझ्याकडे कधी येताय? मी थांबलेय.”

“आलोच.”

ती गेली. पण तिच्या येण्यानं खोलीत काहीतरी घडलं होतं. कोपऱ्यात पाने-पकडी आवरणारे दोघे एकदम गप्प झाले होते. तरुण संशोधक उगाच खिडकीबाहेर ढग बघू लागली होती. आणि नाकदादांनी मान अशी खाली घातली होती की हनुवटी छातीला लागली.

“हे काय?” शंकासुरानं विचारलं.

नाकदादा हळूच म्हणाले, “इथं एक माणूस मेला होता, सर. दोन वर्षांपूर्वी. ताईंचा धाकटा भाऊ. पण तो विषय त्यांच्यासमोर काढू नका हं. आम्ही कुणीच काढत नाही.”

“कसा मेला?”

“नळ्याचं खालचं झाकण उघडताना.” नाकदादा उठले. “आणि तेव्हा पाळीवर मी होतो.”

३

ताईची खोली दवाखान्यासारखी स्वच्छ होती. मोठ्या नळ्यातून निघालेल्या केसासारख्या बारीक नळ्या तिच्या यंत्रांत शिरत होत्या. हायड्रोजनचा पाइपही याच खोलीतून पुढे जात होता, कारण त्याची शुद्धता तीच तपासायची. भिंतीवर प्रकल्पाचा मोठा नकाशा, कडा पिवळ्या पडलेल्या.

“चहा नाही इथं,” ती म्हणाली. “यंत्रांना चालत नाही.”

“मलाही पित्त होतं.”

ती हसली नाही. “विचारा.”

“गंधकाचा वायू इथं कुणाकडे असतो?”

“माझ्याकडे.” तिनं कपाटातून हाताएवढी बाटली काढून टेबलावर आपटली. “यंत्राचा काटा तपासायला लागतो. आणि तुमचा पुढचा प्रश्न मीच सांगते. हो, रिकामी आहे. परवा भरलेली होती. कपाटाची किल्ली खिळ्याला असते, जेवायच्या सुट्टीत खोली उघडी असते. आता करा माझ्यावर संशय.”

“माझा सगळ्यांवर असतो. माझ्यावरही.”

“मग सोपं सांगते.” ती नकाशाशी गेली. “बघा. नळा हा असा उभा. कार्बन डायऑक्साइड वरून, हायड्रोजनही वरून. गोळी वापरण्याआधी तापवून नुसत्या हायड्रोजननं जागी करतात, तेव्हाही वाट हीच. काहीही आत गेलं तरी पहिला घास वरच्या थराचा. म्हणून मी म्हणते, गाळणी भरलेली होती. त्या माणसानं बघितली नाही. त्यानं पूर्वीही बघितलं नव्हतं.”

शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं, पण खोलीतली हवा त्यानं कापली गेली.

“पूर्वी म्हणजे?”

“तुम्हाला सांगितलं असेल की. माझ्यासमोरच तेवढे सगळे मूग गिळून असतात.” तिनं नकाशावरचं बोट काढलं नाही. “निकेल थंड होत असताना आत कार्बन मोनॉक्साइड उरला, तर दोघांचा मिळून एक वायू होतो. त्याला निकेल कार्बोनिल म्हणतात. थोडा हुंगला तरी माणूस घरी जातो, जेवतो, भावंडांशी बोलतो, आणि मग फुप्फुसं भरून येतात. माझा भाऊ असाच बोलता बोलता गेला. झाकण उघडण्याआधी नळा शुद्ध वायूनं धुऊन काढायचा असतो. ते काम तुमच्या त्या नाकदादांचं. चौकशीच्या अहवालात काय आलं, ठाऊक आहे? धुणं चालू असताना मुलानं घाईनं झाकण उघडलं. साक्षीदार एकच.”

“नाकदादा.”

“आईनं अहवाल वाचला आणि त्या दिवसापासून अंथरूण धरलं. मुलगा गेल्याचं दुःख तिनं सोसलं असतं. तो स्वतःच्या मूर्खपणानं गेला हे तिला सोसलं नाही. तिचं सगळं होईपर्यंत मी सात-आठ महिने घरीच होते. मग परत आले.”

“इथंच का परत आलात?”

ताईनं त्याच्याकडे सरळ बघितलं. “दुसरं कुठं जाणार? माझं माणूस इथं पडलं.”

शंकासुर बाहेर आला. तिच्या बोलण्यातलं एक साधंसं वाक्य त्याला सलत होतं: काहीही आत गेलं तरी पहिला घास वरच्या थराचा. ते खरं असेल तर तळ मरूच शकत नव्हता. आणि तळ तर मेला होता.

४

“हायड्रोजन? जागवताना?” तरुण संशोधक म्हणाली. “खालून येतो.”

शंकासुर तिच्याकडे वळला. “पुन्हा सांगा.”

“खालून, सर. ही बघा वाट.” तिनं नळ्याच्या तळाशी गुडघे टेकून उष्णतारोधक कापडाची घडी बाजूला केली. आत पाइप वळला होता. “जागवायचा हायड्रोजन आणि धुवायचा वायू दोन्ही खालून शिरतात आणि वरून धुराड्यात जातात. मी नोकरीला लागले तेव्हापासून असंच आहे.”

“पण ताईंच्या भिंतीवरचा नकाशा?”

“तो जुना आहे. बदलायचा राहिला.” ती गोंधळली. “बदलायचा राहिला म्हणजे, साहेबांनीच सांगितलं होतं. ताईंना उगाच त्रास नको, त्या विषयाची आठवण नको. त्या या नळ्याजवळ कधीच येत नाहीत हो. आम्हीही काही बोलत नाही.”

शंकासुर थेट साहेबांच्या खोलीत गेला. साहेब बैठकीची तयारी करत होते.

“नळ्याचा खालचा पाइप कधी बदलला?”

“असेल, दीडेक वर्ष झालं. किरकोळ सुधारणा.”

“ताई घरी होत्या तेव्हा?”

“असतील. सर, तुम्ही भलतीकडे चाललात. खाजवून खरूज काढू नका.”

“किरकोळ सुधारणेची कुठं नोंद दिसत नाही.”

“किरकोळ आहे म्हणून.” साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “बैठकीच्या आत सही हवी. तो म्हातारा दोषी आहे की नाही, एवढंच मंडळाला कळवायचंय.”

शंकासुराला आयुष्यभर सवय होती ती माघार घेण्याची. ‘माझंच चुकत असेल’ हे शब्द ओठांपर्यंत आले. या वेळी त्यानं ते गिळले.

“सगळ्यांना नळ्यापाशी बोलवा,” तो म्हणाला. “ताईंनाही.”

“ताई तिथं येणार नाहीत.”

“येतील. त्यांना नाकदादांची शिक्षा ऐकायची आहे.”

५

ताई आली. नळ्यापासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढं लांब, भिंतीला पाठ लावून. नाकदादा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले होते. संशोधक पोरगी नखं कुरतडत होती. साहेब उभेच होते.

शंकासुर जमिनीकडे बघत बोलू लागला. “गोळी तळाकडून मेली. गंधक खालून शिरला, म्हणजे गोळी जागवताना हायड्रोजनमधून. नाकदादांचा वायू वरून येतो. ते सुटले.”

“खालून?” ताई म्हणाली.

“आता काळे खडे. ते मागाहून ठेवले, नाकदादांना अडकवायला. पण अडकवायचं तर वरचा थर मरायला हवा होता, आणि गुन्हेगारानं मारला तळ. इथल्या रोजच्या माणसानं ही चूक केली नसती. या पोरीला पाइप कुठून येतो हे माहीत आहे. नाकदादांना माहीत आहे. साहेबांनी तर तो बदलून घेतला. यांच्यापैकी कुणी हायड्रोजनमध्ये विष कालवून वर गाळणीवर आळ घेतला नसता. तो आळ टिकणार नाही हे त्यांना आधीच कळलं असतं. हायड्रोजनही वरूनच येतो असं समजणारं माणूस इथं एकच आहे.” त्यानं मान वर केली. “तुम्ही मला नकाशावर बोट ठेवून दाखवलंत, ताई.”

ताईनं पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली.

“हो,” ताई म्हणाली. “मीच.”

“ताई!” पोरगी किंचाळली. “माझे सहा महिने—”

“तुझं वाईट वाटतं. त्याचं नाही.” तिनं नाकदादांकडे बोट केलं. “माझ्या भावावर यांनी आळ घेतला आणि भाकरी राखली. मला यांची भाकरी काढून घ्यायची होती. तीही न केलेल्या गुन्ह्याच्या आरोपाखाली. आपण केलं नाही असं ओरडावं आणि कुणी ऐकू नये. माझ्या आईनं भोगलं तसं.”

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. “संपलं तर मग.”

“नाही,” शंकासुर म्हणाला. “पाइप का बदललात?”

“सांगितलं ना, सुधा—”

“माणूस घाईनं झाकण उघडून मेला असेल, तर त्यावर इलाज काय? झाकणाला कुलूप लावायचं, पाटी लावायची. पाइप कुणी बदलत नाही. नळा पूर्ण धुतला तरी तळाच्या खोबणीत विष उरतंय, हे कळल्यावरच वरून धुणारा माणूस खालून धुवायला लागतो. अहवालात दोष मुलाचा आणि दुरुस्ती पाइपाची! साहेब, ही दोन्ही कामं तुमच्या एकाच हातानं कशी झाली?”

उत्तर दिलं ते नाकदादांनी, बादलीवर बसल्या बसल्या.

“मी धुतला होता, ताई. पुरता धुतला. त्यानंही थांबून, काटा बघून मगच झाकण उघडलं. मी तसंच सांगितलं होतं. कागद टाइप होऊन आला तेव्हा त्यात दुसरंच होतं. साहेब म्हणाले, तू धुतलं नाहीस असं लिहू का? मी भ्यालो. सही केली.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “आणि हा पाइप तुमच्या भावाच्या डोक्यातला आहे. तो मरायच्या आधीपासून साहेबांच्या मागे लागला होता, खालून धुवा, खालून धुवा म्हणून. साहेब म्हणाले, उद्घाटन होऊ दे. तो गेल्यावर मी हट्ट धरला, की पाइप फिरवा, नाहीतर मी बोलेन. पाइप फिरवला. मग मी बोललोच नाही.”

ताईची पाठ भिंतीपासून सुटली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती नळ्याजवळ आली, वाकली आणि तिनं त्या वळलेल्या पाइपवर तळहात ठेवला. सूड उगवायला सोडलेलं विष तिच्या भावाच्याच वाटेनं गेलं होतं आणि तिलाच पकडून घेऊन आलं होतं.

ती उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती साहेबांकडे बघत होती, आणि शंकासुराला वाटलं, नाकदादांकडे तिनं कधी असं बघितलं नसेल.

साहेबांनी घसा साफ केला. आवाज एकदम मऊ झाला. “हे बघा, आपण सगळे घरातलेच. ताई, तुमच्यावर काय ओढवलं ते मी जाणतो. गोळी आपोआप खराब झाली असं कळवू. नाकदादांवर काही नाही, तुमच्यावर काही नाही. दोन ओळींचा राजीनामा द्या, चांगलं प्रशस्तिपत्र मी देतो. इथल्या इथं मिटवू. काय सर? तुम्ही समजूतदार आहात.”

“मला माफी नको,” ताई म्हणाली. “माझ्यावर खटला भरा.”

“अहो, वेड्या आहात का? तुरुंगात जाल.”

“जाईन की. पण तिथं विचारतील ना, ही बाई सापडली कशी? मग पाइप दाखवावा लागेल. पाइप का फिरवला, कधी फिरवला, कुणी लपवला, सगळं माझ्या गुन्ह्याच्या कागदात येईल. तुम्ही मला सोडताय ते माझ्यासाठी नव्हे, साहेब. मी सुटले तरच तुम्ही सुटता.”

साहेब शंकासुराकडे वळले. “पण तक्रार कुणाची? प्रकल्पाची तक्रार नाही. मी संचालक आहे, मी सांगतो, नाही.”

“ज्यांच्यावर खोटा आळ आला त्यांची असू शकते,” शंकासुर म्हणाला. या वाक्याबद्दल त्याला कसलीच शंका नव्हती, आणि त्याचंच त्याला नवल वाटलं.

सगळे नाकदादांकडे बघू लागले. ते कसेबसे उठले. “नाही हो. मी कुठल्या तोंडानं ताईंवर तक्रार करू? मी त्यांचा अपराधी. मी मनापासून सोडून दिलं. सोडून दिलं, ताई.”

“सोडू नका!” ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “ऐका नाकदादा. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. बहुतेक करणारही नाही. पण एकदा तुम्ही गप्प बसलात आणि हे सुटले. आज दया दाखवून गप्प बसलात तरी हेच सुटणार. माझ्यावर तक्रार करा. माझ्या भावाचं तुमच्याकडे राहिलेलं एवढंच काम आहे.”

नाकदादांचे ओठ हलले. आवाज फुटला तो अगदी लहान.

“माझी तक्रार आहे.”

“मोठ्यानं म्हणा,” ताई म्हणाली. “साहेबांना ऐकू जाऊ दे.”